कोठ्यांच्या जागी स्पीकर

आमच्या गारखेड्याच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या दोन कोपऱ्यांत दोन स्पीकर उभे होते. कमरेइतके उंच, काळपट लाकडाचे, पुढून जाळीचं कापड. लग्नाआधी घेतलेले. त्यांच्यापायी सोफा भिंतीला लागायचा नाही, पडदा पूर्ण सरकायचा नाही, आणि नवा पाहुणा आला की एकदा तरी विचारायचाच, "ही कपाटं कसली?"

बायको म्हणायची, "त्यात ह्यांचा जीव ठेवलाय."

वर्षातून तीन दिवस मात्र ते तिच्या कामाचे. वाटणीत गणपती भावाकडं गेला आणि महालक्ष्म्या आमच्याकडं आल्या. पण ज्या पत्र्याच्या कोठ्यांवर त्या उभ्या करायच्या, त्या गावीच राहिल्या. भाऊ त्यांत ज्वारी भरायचा. इथल्या पहिल्या भाद्रपदात मुखवटे हातात घेऊन बायको हॉलभर नजर फिरवत होती. मग माझ्याकडं न बघताच म्हणाली, "दोन आहेत. सारख्या उंचीचे आहेत. अजून काय पाहिजे?" तेव्हापासून ज्येष्ठा डाव्या स्पीकरवर आणि कनिष्ठा उजव्यावर. वर धान्याचं मापटं, त्यावर मुखवटा, खाली स्पीकरला भरजरी साडी. नेसवण्याआधी ती मागच्या वायरी स्वतः काढायची. "देवीच्या पोटात तुमची गाणी नकोत."

मला ओळखीच्या लोकांत कानाचा पक्का समजत. ऑफिसातले लोक स्पीकर, टीव्ही, होम थिएटर असं काही घ्यायचं झालं की मला बरोबर न्यायचे. मी डोळे मिटून ऐकायचो आणि शेवटी एक बोट उचलायचो. ते बोट ज्याच्याकडं जाईल तो डबा पॅक व्हायचा. त्या वेळी मला जे वाटायचं ते मला दुसऱ्या कशात कधी मिळालं नाही. ऑफिसात तर नाहीच.

कान कधी गेला ते नेमकं सांगता येणार नाही. पहिल्यांदा कुकरची शिट्टी गेली. मग दारावरची बेल. मग बोलण्यातले बारीक आवाज, स आणि श, च आणि फ, गळायला लागले. वाळवी लागलेल्या पोथीसारखं झालं, मधलीमधली अक्षरं खाल्लेली. जाड आवाजाचे पुरुष बरे ऐकू यायचे. साहेब ओरडले तर स्वच्छ. बायकोचा आवाज बारीक, तो सगळ्यात आधी गेला. गाणी मात्र राहिली, असं मला वाटत होतं. खरं म्हणजे ती पाठ होती. बासरी कुठं येते ते मला माहीत होतं, म्हणून ती यायची. प्रत्यक्षात ती कानात शिरत होती की नाही, हे मी स्वतःला कधी विचारलं नाही.

हे मी कुणाला सांगितलं नाही. कानाचा पक्का माणूस बहिरा झाला, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? मी तीन उत्तरं तयार ठेवली. "हं." "बघू." आणि जरा लांबलचक काही विचारलंय असं वाटलं की, "तुझं तू ठरव." एवढ्यावर संसार कितीही दिवस चालतो. फक्त समोरच्याला वाटायला लागतं की ह्या माणसाला आपल्याशी बोलायचं नाही. बायकोला तेच वाटायला लागलं. मला ते दिसत होतं. आणि मी ते वाटू दिलं, कारण बहिरा म्हणवून घेण्यापेक्षा माणूसघाणा म्हणवून घेणं मला सोपं गेलं. ती बोलायला लागली की मी गाण्याचा आवाज वाढवतो, हे तिचं म्हणणंही खरं होतं. गाणं चालू असलं की निदान ऐकू न येण्याला कारण असायचं.

मुलीचं पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणं माहेरी, म्हणजे आमच्याकडं व्हायचं. ती पुण्यात नोकरी करते. तिनं फोनवर नकार दिला आणि मला कळावं म्हणून वर मेसेजही टाकला. "बाबा, तुमच्याकडं बाळ झोपणार कसं? दिवसभर ते स्पीकर. आणि तुम्ही दोघं एकमेकांशी बोलत नाही, ते मला बघवत नाही." म्हणून बायकोच पुण्याला निघाली.

निघायच्या दिवशी ती पलंगावर बॅग भरत होती. माझ्याकडं पाठ. तिची मान हलत होती, म्हणजे ती काहीतरी सांगत होती. मग मान थांबली. ती उत्तराची वाट बघत होती. मी दारात उभा. पुढं होऊन तिच्या समोर जायला दोन पावलं पुरली असती. मी म्हणालो, "तुझं तू ठरव."

ती वळली. बराच वेळ माझ्याकडं बघत राहिली. मग तिचे ओठ मला वाचता आले, "मग ठीक आहे."

बारसं झालं. मी गेलो, पेढे खाल्ले, दुसऱ्या दिवशी परत आलो. नात पालथी पडायला लागली, बसायला लागली. बायको आली नाही. मी कधी येतेस असं विचारलं नाही, आणि तिनं तो विषय काढला असेल तर मला तो ऐकू आला नाही.

त्या महिन्यांबद्दल सांगण्यासारखं फारसं काही नाही. कुकर लावणं सोडलं, कारण शिट्ट्या कळायच्या नाहीत. पातेल्यात खिचडी शिजवायचो आणि समोर उभा राहून बघत बसायचो. बेल वाजवून लोक निघून जायचे. कुरिअरवाला कागद चिकटवून जायचा, "घरी कुणी नाही." मी आतच असायचो. एकदा खालच्या मजल्यावरच्या बाई जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही गावाला गेला होतात ना? मी दोनदा बेल वाजवली. वहिनी नाहीत म्हणून डबा आणला होता." मी म्हणालो, "हो, गेलो होतो." त्या संध्याकाळी मी स्पीकरसमोर खुर्ची ओढून बसलो आणि आवाज एवढा वाढवला की खिडकीच्या काचा हाताला थरथरताना लागल्या. त्याच बाई परत वर आल्या. या वेळी त्यांनी दार बडवलं.

श्रावण सरता सरता बायकोचा फोन आला. महालक्ष्म्यांना येते म्हणाली, तीन दिवस. एवढं मला नीट कळलं, कारण ते ती प्रत्येक वाक्यात म्हणत होती. बाकीचं मी तुकड्यातुकड्यांनी जुळवलं, ती कपाटं आता काढा. टीव्हीच्या युनिटमध्ये फळी आहे, त्यावर मावतील असे छोटे, दिसायला बरे आणा. आवाजाचं तुम्ही बघा, दिसण्याचं मी बघते. मग तिकडं नात रडायला लागली आणि बायको त्या रडण्यातून आणखी बरंच काही बोलली. मला फक्त रडणं ऐकू येत होतं, तेही लांबून.

मी म्हणालो, "बरं."

फोन ठेवला तेव्हा मला फार बरं वाटत होतं. तिनं काहीतरी मागितलं होतं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. हॉल तिच्या मनासारखा दिसला तर ती तीन दिवसांवर आणखी चार दिवस राहील, कदाचित राहूनच जाईल, असं मी धरून चाललो. युनिटची फळी मोजली. दीड वीत खोल, मागं सरळ भिंत. वहीच्या पानावर आकृती काढली आणि औरंगपुऱ्यात गेलो.

दुकान एका बोळात, पहिल्या मजल्यावर. मालक जुन्या ओळखीचा, आवाज ढोलासारखा, त्यामुळं मला तो माणूस नेहमीच आवडत आलाय.

"आओ साहेब, आओ! लई दिवसांनी. किधर गायब थे?"

"इथंच."

"तुम्ही आलात की मला घाम फुटतो बघा. बाकीच्या गिऱ्हाईकाला काय पण ऐकवतो. तुमच्यापुढं नाय चालत."

मी फळीचं माप सांगितलं. मागं भोक असलेला स्पीकर नको म्हणालो, भिंतीला चिकटून ठेवला तर खर्ज घुमतो, सगळी गाणी मडक्यात बसून म्हटल्यासारखी वाटतात. तो खूश झाला. "हे कोण सांगतंय दुसरं? लोक येतात, रंग बघतात, जातात." त्यानं दोन जोड काढले. एक चॉकलेटी, अक्रोडाच्या लाकडासारखा, कोपरे धारदार, पुढं उघडा चकचकीत ट्वीटर, म्हणजे बारीक आवाज काढणारा वरचा छोटा पडदा. दुसरा पांढरा, कोपरे गोलसर, पुढं राखाडी कापड. दोन्हींना भोक पुढच्या बाजूला. त्याच्या मते आवाजात चॉकलेटी वरचढ, दिसण्यात पांढरा.

मी दोन्हींचे फोटो बायकोला पाठवले. तिचं उत्तर लगेच आलं. "पांढरे. धूळ दिसेल, पण पांढरेच."

"काय म्हणतात वहिनी?"

"पांढरे."

"ते तर झालंच. आवाज तरी ऐका, मग पॅक करू."

त्यानं सतार लावली. आधी एका जोडावर, मग दुसऱ्यावर, परत पहिल्यावर. दुकानात एक तरुण जोडपं होतं, नवीन घर घेतलेलं असावं. दोघंही थांबून आमच्याकडं बघत होते. मी डोळे मिटले. सतार माझ्या ओळखीची होती. झाला, म्हणजे शेवटचा जलद भाग, कुठं सुरू होतो ते मला पाठ होतं, आणि तो तिथं सुरू झाला, दोन्हींवर अगदी सारखा. मला फरक कळला नाही. काहीच फरक कळला नाही.

"सांगा, वरचा आवाज कुणाचा साफ?"

घ्यायचे तर पांढरेच होते. मी बोट पांढऱ्यांकडं केलं. "ह्यांचा. वरच्या पट्टीत मोकळे आहेत. ते चॉकलेटी जरा झाकल्यासारखे वाटतात."

मालकानं मान तिरकी केली. पांढऱ्या स्पीकरपाशी गेला, वाकून कान लावला, मग दुसऱ्याला लावला. मागं हात घातला, आणि एकदम कपाळावर हात मारला. "या अल्ला! ह्यांची पट्टीच नाय लावलेली! ट्वीटर बोलतच नाय दोन्हीचा!" मागची पितळेची छोटी पट्टी कुणीतरी काढून ठेवली होती. वरच्या पडद्यात वीजच जात नव्हती. ज्याला मी मोकळा म्हणालो होतो तो बारीक आवाज तिथं नव्हताच.

आता कळणार, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर थोडं सुटल्यासारखंही वाटलं.

मालक माझ्याकडं वळला आणि हसायला लागला. खदखदून. "मेरी फिरकी ले रहे थे व्हय! 'मोकळे आहेत' म्हणे! आणि चेहरा बघा, जरा पण हलला नाय!" मग त्या जोडप्याकडं बघून म्हणाला, "ह्याला म्हणतात कान. मी विसरलो, पण ह्यांनी पकडलं. आणि पकडलं ते सुद्धा कसं, बोलून नाय दाखवलं."

मी हसलो.

त्या जोडप्यातला नवरा पुढं आला. "काका, आमचं पण जरा ऐकता का? आम्हाला दोघांना काही ठरवता येत नाहीये." त्याची बायको म्हणाली, "हे म्हणतात काळे, मी म्हणते लाकडी." तेही मला ओठांवरून कळलं. मी त्यांच्यासाठी खुर्चीत बसलो. डोळे मिटले. ऐकलं. एक बोट उचललं. बाईंच्या बाजूनं उचललं, कारण त्यांचा चेहरा हिरमुसला होता. त्यांनी ते घेतले. जाताना दोघं माझ्या पाया पडले.

जिन्यात मी थोडा वेळ कठड्याला धरून उभा राहिलो. एखाद्यानं मला पकडलं असतं तर, असं वाटत राहिलं. कुणी पकडत नव्हतं, हीच तर अडचण होती.

जुने स्पीकर मालकानंच उचलायचं ठरवलं. मंडपवाल्याला देतो म्हणाला, गणपतीत त्याला कितीही असले तरी कमीच पडतात. टेम्पो आला, दोघांनी ते ब्लँकेटात गुंडाळून नेले. फरशीवर दोन चौकोन राहिले, बाकीच्या फरशीपेक्षा उजळ. नवे फळीवर ठेवले. सुरेख दिसत होते, यात शंका नाही. पडद्याच्या रंगाला जाणारे, नीटस, जसे काही तिथं होतेच. मी सोफा भिंतीला लावला, पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवून बघितला.

आवाहनाच्या आदल्या दिवशी दुपारी ती आली. हॉलच्या दारात थांबली. माझं लक्ष तिच्या तोंडाकडंच होतं.

"छान दिसतंय," ती म्हणाली. फळीपाशी गेली, राखाडी कापडावरून बोट फिरवलं. "गोड आहेत." मग कोपऱ्याकडं बघितलं. त्या कोपऱ्याकडं बघितलं. "ते कुठं ठेवलेत?"

"काय?"

"ते. जुने."

"दिले."

"दिले?"

"मंडपवाल्याला."

ती सोफ्यावर बसली. "अहो, उद्या महालक्ष्म्या यायच्यात. त्यांना उभं कशावर करू? तुमच्या डोक्यावर?"

मी कोपऱ्यांतल्या त्या उजळ चौकोनांकडं बघत राहिलो. इतके दिवस मी त्यांच्यावरून झाडू फिरवत होतो आणि माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"फोनवर सांगितलं होतं ना? नवे आणा, पण महालक्ष्म्या होईपर्यंत जुने जागचे हलवू नका. चांगलं दोनदा सांगितलं. तुम्ही 'बरं' म्हणालात."

विसरलो, हे उत्तर जिभेवर तयार होतं.

"विसरलात," तीच म्हणाली. "की ऐकूनच घेतलं नाहीत? माझं बोलणं म्हणजे तुम्हाला..."

"ऐकू आलं नाही," मी म्हणालो.

"तेच म्हणतेय मी. कधी आलंय?"

"तसं नाही. ऐकू येत नाही. कान गेलेत. फोनवर तर निम्मंही कळत नाही. समोर असलीस तर ओठांवरून लावतो."

ती हसली, पण चांगलं हसली नाही. "हे नवीन काढलंत. बासरी ऐकू येते, सतार ऐकू येते, लोक स्पीकर निवडायला घेऊन जातात. बायकोच तेवढी ऐकू येत नाही."

"मागं उभी राहून बोल," मी म्हणालो. "बघ."

मी खुर्ची भिंतीकडं तोंड करून ओढली आणि बसलो. भिंतीवर खिडकीचं ऊन पडलं होतं. मी वाट बघत होतो. काहीच येत नव्हतं. ती बोलतेय की नुसती उभी आहे, की आत निघून गेली, हेही समजायला मार्ग नव्हता. मान वळवून बघावं असं फार वाटलं. नाही वळवली.

ती पुढून आली तेव्हा तिचा चेहरा वेगळा होता. ती माझ्यासमोर जमिनीवरच बसली.

"काय म्हणालीस?" मी विचारलं.

"बरंच बोलले."

"काय?"

"ते आता नाही सांगणार." मग म्हणाली, "कधीपासून?"

"मुलगी कॉलेजात होती तेव्हापासून असेल."

"इतकी वर्षं."

"हो."

"तुम्ही बहिरे झालात ह्याचा मला राग नाही," ती म्हणाली. हे ती सावकाश म्हणाली, मला कळावं म्हणून. ते सावकाश बोलणंच मला नको होतं, त्यासाठीच मी सगळं केलं होतं. "मला वाटत राहिलं मी नकोशी झालेय. रोज वाटायचं. तुम्हाला ते दिसत होतं, आणि तुम्ही वाटू दिलंत."

तिनं म्हटलं होतं ते सगळं खरं होतं. मग मी तिला दुकानातलं सांगितलं. पट्टीचं, मालकाचं, त्या जोडप्याचं.

"म्हणजे हे तुम्ही ऐकून घेतलेच नाहीत?"

"तू पांढरे म्हणालीस म्हणून घेतले."

"आणि त्या पोरीला तुम्ही लाकडी घ्यायला लावलेत."

"तिला तेच हवे होते."

तिला हसू फुटलं. मग तिनं तोंडावर पदर धरला आणि ती रडतेय की हसतेय ते मला कळेना, कारण ओठ झाकले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही स्कूटरवर गुलमंडीला गेलो. महालक्ष्म्यांचे लोखंडी स्टँड आता बाजारात तयार मिळतात. तिला ते कधीच आवडत नव्हते, हॉटेलातल्या टोपीच्या खुंटीसारखे दिसतात म्हणायची. पण आता इलाज नव्हता. वाटेत ती मागून बोलली नाही. डावीकडं वळायचं असलं की माझ्या डाव्या खांद्यात बोट खुपसायची, उजवीकडं असलं की उजव्या. जरा जोरातच खुपसत होती. थांबायचं असलं की शर्टची कॉलर ओढायची. रिक्षावाले, हातगाड्या, फुलांचे ढीग, सगळ्या गर्दीतून आम्ही तसे गेलो आणि तसेच स्टँड मांडीवर घेऊन परत आलो. माझ्या आठवणीत आम्ही दोघांनी न चुकता केलेलं ते पहिलंच काम असेल.

हळदीकुंकवाला बायका आल्या. महालक्ष्म्या साडीत उभ्या राहिल्यावर आत स्टँड आहे की स्पीकर, कुणाला काय दिसणार? नव्या स्पीकरवर आरती लावली होती, हळू. एकजण म्हणाली, "किती गोड आहेत! आवाज कसा आहे हो?"

बायको म्हणाली, "मला तर बरा वाटतो. ह्यांना नका विचारू."

सगळ्या हसल्या. त्यांना ती नेहमीची चेष्टा वाटली. मी आंबिलीची वाटी हातात धरून उभा होतो. तिनं माझं झाकलंही नव्हतं आणि उघडंही केलं नव्हतं. ते माझ्यावर सोडलं होतं. माझं तोंड उघडलं नाही.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी ती बॅग भरायला बसली. या वेळी पलंगावर माझ्याकडं तोंड करून.

"मागच्या वेळी मी काय विचारलं होतं, ते कळलं होतं का तुम्हाला?"

"नाही."

"म्हणाले होते, तुम्ही ये म्हणालात तर बारसं करून परत येते. नाहीतर तिकडंच राहीन, लेकीलाही गरज आहे. आणि तुम्ही म्हणालात..."

"काय म्हणालो ते माहितीय."

मी पलंगाच्या कडेवर बसलो. तिच्या नीट घडी केलेल्या साड्या मधे होत्या.

"आता म्हणतो. ये."

"आता तिला शब्द दिलाय. पोर जरा मोठी होईपर्यंत मला हलता येणार नाही." तिनं एक साडी उचलून परत तिथंच ठेवली. "आणि खरं सांगू? लगेच यावंसं वाटतही नाही. मला जरा राग येऊ द्या आधी. इतकी वर्षं चुकीच्या गोष्टीचा आला."

मी "हं" म्हणणार होतो. म्हणालो, "येऊ दे."

बसस्टँडवर पुण्याची गाडी लागलेली होती, इंजिन चालू. तिला खिडकीशी जागा मिळाली. मी खाली उभा. लोक चढत होते, कंडक्टर घाई करत होता. ती खिडकीतून वाकून काहीतरी म्हणाली. पण तिच्या तोंडावर दांडीची सावली पडली होती आणि मला ओठ लागेनात.

जवळ एक पेरूवाला टोपली डोक्यावर घेऊन खिडक्याखिडक्यांशी फिरत होता. दोन कॉलेजच्या मुली उभ्या होत्या. एक वयस्कर गृहस्थ माझ्याच ऑफिसातून निवृत्त झालेले, त्यांनी मला ओळखून हात केला होता. मी त्यांना एकदा टेपरेकॉर्डर निवडून दिला होता.

"ऐकू आलं नाही!" मी ओरडलो.

ती परत म्हणाली.

"ऐकू येत नाही मला! कान गेलेत!"

ते मी अंदाजापेक्षा बरंच मोठ्यानं म्हणालो असणार, कारण मुली वळल्या, आणि त्या गृहस्थांचा हात खाली आला. पेरूवाला मात्र खिडकीशी गेला, मान वर करून बायकोचं ऐकलं आणि माझ्याजवळ आला.

"काका, त्या म्हणत्यात, आधी डॉक्टरला कान दाखवा. रिपोर्ट आल्याबिगर फोन करायचा नाय म्हणत्यात."

बायको खिडकीतून आमच्याकडं बघत होती.

"व्हय म्हणून सांगू का?" त्यानं विचारलं.

"मी सांगतो." मी खिडकीखाली गेलो. "दाखवतो! ह्याच आठवड्यात!"

गाडी मागं घेताना कंडक्टरनं दार आपटलं. तिनं मान हलवली की गाडीनं तिची मान हलली, ते मी बघत राहिलो, तोवर गाडी फाटकातून बाहेर पडली होती. निवृत्त गृहस्थ दुसऱ्या फलाटाकडं निघून गेले होते.

"पेरू घ्या काका, गोड हायेत," पेरूवाला म्हणाला. तो आता माझ्या कानाशी तोंड आणून सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं ओरडत होता. मी त्याला हळू बोल म्हटलं नाही. पेरू घेतले आणि आणखी कुठली गाडी लागतेय का ते त्यालाच विचारलं, नुसतं विचारायचं म्हणून. तो ओरडून सांगत राहिला, जालना, बीड, पैठण, आणि मी त्याच्या तोंडाकडं बघत ऐकत राहिलो.